ओसरी पक्षाच्या सहाशे बारा सह्या

रवींद्र नेरूरकर हा नॉर्थ कॅरोलायनातल्या एका राजकीय पक्षाचा साडेसहा वर्षं प्रदेशाध्यक्ष होता. हे मी पुण्याला बहिणीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अगंबाई, मग त्याला गाडीबिडी मिळाली असेल." गाडी त्याची स्वतःची होती, दोन हजार अकरा सालची, आणि तिच्या डिकीत पक्षाचं कार्यालय होतं. कार्यालय म्हणजे एक घडीचं टेबल, दोन घडीच्या खुर्च्या, एक फलक आणि पाण्याच्या बाटल्यांचं खोकं. पक्षाचे सभासद त्रेसष्ट. त्यातले चाळीसेक बैठकीला यायचे, जेवण असलं तर पंचावन्न.

मी मालिनी. मॉरिसव्हिलमध्ये त्याच्या तीन घरं पलीकडे राहते. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायची नोकरी मी पंचवीस वर्षं केली. त्यामुळे कुणाचं काही चुकलं की मला दिसतं, आणि दिसलं की मी बोलते. पक्षाची मी सेक्रेटरी होते. कशी झाले, तर कागदोपत्री तीन पदाधिकारी लागतात, दोन मिळाले होते, आणि "तिसरं कोण?" असं रवींद्रने विचारलं तेव्हा माझ्या तोंडात अख्खा बटाटेवडा होता. मी नाही म्हणायच्या आत त्याने लिहून टाकलं.

माणूस मूळचा मिरजेचा. अठ्ठ्याण्णव साली, दोन हजार साल उजाडायच्या आत कॉम्प्युटरच्या तारखा दुरुस्त करायला जी हजारो पोरं इकडे आली त्यांतला एक. तारखा दुरुस्त झाल्या, पोरं राहिली. बँकांची सॉफ्टवेअर सांभाळण्यात याची उमेदीची वर्षं गेली. बारा वर्षांनी ग्रीन कार्ड मिळालं, आणखी पाच वर्षांनी नागरिकत्व. शपथेच्या दिवशी सगळे जण कोर्टाच्या पायऱ्यांवर फोटो काढत होते, तेव्हा याने तिथेच मतदार नोंदणीचा फॉर्म भरला, आणि घरी आल्यावर राज्याची घटना डाउनलोड करून वाचायला बसला. त्याची बायको नीलांबरी मला म्हणाली, "तीन दिवस वाचतोय गं. मला वाटलं काही दुखतंय-खुपतंय."

राजकारणात तो पडला झोपाळ्यामुळे. घराच्या पुढच्या पोर्चवर, म्हणजे आपल्या ओसरीवर, त्याने झोपाळा टांगला. साधासुधा नाही. पितळी कड्या मिरजेहून विमानाने आणलेल्या, सामानाचं वजन भरलं म्हणून नीलांबरीच्या तीन साड्या मागे ठेवून. आमच्या वसाहतीच्या समितीचं पत्र आलं की पुढच्या पोर्चवर नियमात न बसणारं फर्निचर आहे, तीस दिवसांत काढा. दुसरा कुणी असता तर मागच्या अंगणात नेऊन टांगला असता. याने समितीची सत्याऐंशी पानी नियमावली वाचली, आणि त्यात 'फर्निचर' या शब्दाची व्याख्याच दिलेली नाही हे शोधून काढलं. अकरा महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी समिती कंटाळली. पुढच्या निवडणुकीत वसाहतीने यालाच समितीचा अध्यक्ष केला, कारण निदान हा आपल्याला असली पत्रं पाठवणार नाही अशी लोकांची समजूत होती.

ती बातमी इथल्या आठवड्याच्या छोट्या वर्तमानपत्रात आली: पोर्चवरच्या झोपाळ्यासाठी लढणारा माणूस. ती वाचून एका रविवारी एक जुना पिकअप ट्रक दाराशी थांबला आणि त्यातून अर्ल टिडवेल उतरला. वय तेव्हा चौऱ्याहत्तर. आयुष्यभर शाळेत सुतारकाम शिकवलेला, चॅटहॅम काउंटीतल्या शेतावर राहणारा माणूस. त्याने आधी झोपाळ्याच्या कड्या बघितल्या, मग लाकूड बघितलं, मग बसला. तीन तास बसला. त्याचं इंग्रजी रवींद्रला निम्मं कळलं आणि रवींद्रचं त्याला निम्मं. दोघांची मैत्री जमायला तेवढं पुरलं.

अर्लने दोन वर्षांपूर्वी एक पक्ष काढला होता. फ्रंट पोर्च पार्टी. मी मराठीत त्याला ओसरी पक्ष म्हणते. कार्यक्रम एवढाच, की मोठ्या दोन पक्षांनी लोकांना टीव्हीसमोर बसवून एकमेकांचा दुस्वास करायला शिकवलंय, तर गावातले प्रश्न गावातल्यांनी ओसरीवर बसून, समोरासमोर सोडवावेत. पाणी, रस्ते, शाळेची बस. जाहीरनामा सव्वा पानाचा. त्यात अर्ध्या पानात पावसाच्या पाण्याचा निचरा. मी म्हटलं, "रवींद्र, हे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं आहे." तो म्हणाला, "भाजायला घेतल्या तर येतील भाजता." असल्या माणसाशी बोलायचं तरी काय.

एक निवडणूक त्याने लढवली. काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या, माती आणि पाणी संवर्धन मंडळाची. या मंडळाची निवडणूक होते हे काउंटीतल्या बहुतेकांना मतपत्रिका हातात आल्यावरच कळतं. तीन उमेदवारांत हा तिसरा आला. निकालाचा छापील कागद फ्रेम करून त्याने जिन्याजवळ लावला. त्याची मुलगी आन्या म्हणाली, "डॅड, यू लॉस्ट." हा म्हणाला, "अकरा हजार लोकांनी माझ्या नावापुढे खूण केली, बेटा. मिरजेत मला अकरा लोक ओळखत नाहीत." त्यानंतर वर्षभराने एका बार्बेक्यूच्या हॉटेलात मागच्या खोलीत पक्षाचं अधिवेशन झालं. पक्षाची घटना वाचलेला सभासद हा एकटाच निघाला, म्हणून याला प्रदेशाध्यक्ष केलं. अर्लने उठून हात मिळवला. रवींद्रचे डोळे भरून आले होते. मला हसू आलं होतं, हे मी कबूल करते.

आता पक्ष आहे म्हणजे त्याचं नाव मतपत्रिकेवर येतंच असं नाही. त्यासाठी राज्यातल्या नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात, आणि आम्हाला लागत होत्या चौदा हजारांच्या आसपास. अर्लची आता एकच इच्छा राहिली होती. मतपत्रिकेवर तीन शब्द छापलेले बघायचे. वय झालं होतं चौऱ्याऐंशी, हृदयाला दोन नळ्या बसवलेल्या. तो म्हणायचा, मी एकदा तो कागद हातात धरीन, मग माझ्या नावापुढे कुणी खूण केली नाही तरी चालेल. रवींद्रने हे मनावर घेतलं. दीड वर्ष प्रत्येक शनिवार-रविवार तो सह्या गोळा करत होता. जत्रेत, जुन्या बाजारात, चर्चच्या मासळीच्या जेवणाला, फुटबॉलच्या मैदानाबाहेर. उन्हात उभं राहून मान काळी ठिक्कर पडली. एका बाईने त्याला विचारलं, तू मला कुठलं इंटरनेट विकतोयस? त्याने तिला निचऱ्याचं अर्धं पान समजावून सांगितलं. तिने सही केली, बहुतेक सुटका करून घेण्यासाठी.

मार्चमध्ये हिशेब केला तेव्हा चारशे पाच सह्या कमी होत्या. मुदत मे महिन्याच्या मध्यापर्यंत. आणि मार्चच्या शेवटी आमच्या मराठी मंडळाचा गुढीपाडवा होता, हायस्कूलमध्ये, नाट्यगृहात नाटक आणि जेवणघरात जेवण, सातशे माणसांचा.

इथून पुढचं नीट वाचा, कारण इथे चूक झाली, आणि ती माझी आहे.

रवींद्रने टेबल मांडलं होतं नाट्यगृहाच्या दाराशी. "फक्त नोंदणीकृत मतदारांसाठी" असा फलक, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिला प्रश्न विचारायचा, तू सिटिझन आहेस का, मतदार म्हणून नाव घातलंयस का. तासाभरात सव्वीस सह्या झाल्या. मला ते बघवेना. मी म्हटलं, "अरे, माणसं नाटकाला कुठे येतात, जेवायला येतात. टेबल जेवणाच्या रांगेत लाव." तिथे मंडळाच्या पोरांची कुपनं देताना तारांबळ उडाली होती. मी त्यांना म्हटलं, कुपनंही आम्हीच देतो. त्यांनी लगेच डबा माझ्या हातात दिला. मी तो टेबलावर ठेवला आणि तो फलक नेमका डब्याच्या मागे गेला. म्हणजे सही करा, कुपन घ्या, पुढे व्हा. इतकी सुरळीत रांग मंडळाच्या इतिहासात कधी लागली नव्हती.

एवढ्यात स्टेजवरून रवींद्रचं नाव पुकारलं. अमेरिकेतल्या राजकारणात मराठी माणूस म्हणून सत्कार होता, शाल आणि श्रीफळ. तो मला म्हणाला, "मालिनी, प्रत्येकाला विचार हं." मी म्हटलं, "विचारते, तू जा." पहिल्या दहा-पंधरा जणांना विचारलंही. मग रांग दारापर्यंत गेली, कुणाचं बाळ रडायला लागलं, मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, पुऱ्या गार होतायत." मी पेनं वाटली चार. टेबलामागे बसून कुणी कागद पुढे सरकवला की आपला माणूस सही करतो. कशावर ते बघत नाही, कारण पुढच्याने केलेली असते. त्यातून मागे मसालेभाताचा वास. भाषणं उरकून रवींद्र शाल सावरत परत आला तोवर सहाशे बारा सह्या झाल्या होत्या. दारातल्या सव्वीस धरून, एका कागदावर दहा, असे बासष्ट कागद, सगळे एकमेकांत मिसळलेले. नाव, पत्ता, जन्मतारखेसकट. तो माझ्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "तू ग्रेट आहेस." मी श्रीखंड दोनदा घेतलं.

अर्लला हे फोनवर कळवलं तेव्हा त्याने आकडा दोनदा म्हणवून घेतला. मग म्हणाला, ते कागद मीच माझ्या ट्रकमधून नेऊन देईन, शेवटच्या दिवशी, सगळ्यांना घेऊन. आधीचे सगळे कागद निवडणूक कचेरीत पोचले होते, हे बासष्ट तेवढे रवींद्रच्या घरी एका खोक्यात राहिले.

मुदतीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे चहाला गेले होते. संग्रामचा फोन आला. संग्राम म्हणजे नागपूरचा पोरगा, इथे नऊ वर्षं व्हिसावर, बायको आणि लहान मुलगी. फोन स्पीकरवर होता. "काका, एक विचारायचं होतं. पाडव्याला मी ती सही केली न, ती कशाची होती?" रवींद्रने विचारलं, "का रे?" तो म्हणाला, "माझा ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आला ना काका, पुढल्या महिन्यात. फॉर्ममध्ये विचारते, तुम्ही कधी कुठे सिटिझन असल्याचं सांगितलंय का. मी 'नाही' लिहिलं. मग माझा जुना रूममेट म्हणाला, ते कुपनाचं नव्हतं, काही इलेक्शनचं होतं. तर म्हटलं, काकांना विचारून घ्यावं. काही नसेल म्हणा."

रवींद्रने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "काही नाही. तुझं नाव मी काढतो. तू 'नाही' लिहिलंयस तेच बरोबर. निवांत झोप." फोन ठेवला आणि उठून खोकं घेऊन आला. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर बारीक अक्षरात एक ओळ होती: आम्ही खाली सही करणारे, या काउंटीतले नोंदणीकृत मतदार. ती ओळ त्याने मोठ्याने वाचली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "किती जणांना विचारलंस?"

मी खरं सांगितलं. पंधरा.

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "बरं. मग फोन करू या."

सोमवारी आणि मंगळवारी आम्ही फोन केले. प्रश्न एकच: तू सिटिझन आहेस ना? पण हा प्रश्न आपल्या लोकांत फोनवर अचानक विचारला की भलतेच अर्थ निघतात. एका बाईंना वाटलं, स्थळ आलंय. त्या म्हणाल्या, "मुलगा अजून ग्रीन कार्डवर आहे, पण पगार चांगला आहे." एकाला वाटलं, धाड पडणार आहे, त्याने फोनच बंद केला. एक जण म्हणाला, "मी सिटिझन आहे, पण सही बायकोने केली, तिची आणि माझी दोन्ही, मी पुऱ्या वाढत होतो." एका काकांनी विचारलं, "कुपनाचे पैसे राहिलेत का आमचे?" चाळीस फोन झाले. सतरा नागरिक नव्हते. नऊ जणांना सही केल्याचंच आठवत नव्हतं. आणि निम्म्या नावांचं अक्षर लागत नव्हतं.

मी वकील नाही, पण हिमानी आहे. आमच्याच मंडळातली, इमिग्रेशनचंच काम करते. तिला मी नावं न घेता विचारलं. ती म्हणाली, "मोस्टली काही होणार नाही, मावशी. ऑफिस त्या सह्या बाद करेल आणि विषय संपेल. पण कागद सरकारी होतात, कोणीही मागून बघू शकतं, आणि सिटिझन असल्याचं खोटं सांगितलं असा ठपका आला तर ग्रीन कार्ड कायमचं जातं. माझा क्लायंट असता तर मी त्याला सुखाने झोपू दिलं नसतं." आणि सध्याचे दिवस तुम्हाला ठाऊक आहेत. नागरिक नसलेल्यांनी निवडणुकीच्या कागदावर सह्या केल्या, एवढी बातमी फुटली की पुढे ते कुणाच्याही हातात राहत नाही. नावावर काट मारून भागणार नव्हतं. काटेखालचं नाव वाचता येतं, आणि खाली पत्ता असतो.

मी म्हटलं, "रवींद्र, देऊन टाकू. बाद होतील त्या होतील. दीड वर्षं घातलीस तू. अर्लचा विचार कर."

तो म्हणाला, "दोन हजार चार साली माझ्या फॉर्मवर एका चौकोनात चुकून खूण झाली. फाइल दीड वर्ष मागे गेली. त्या दीड वर्षात आईचं ऑपरेशन झालं आणि मी इथे बसून होतो, कारण बाहेर गेलो तर परत घेतील का, हे वकीलसुद्धा सांगेना. ती मला फोनवर म्हणाली, 'तू काळजी करू नकोस.' ऑपरेशन तिचं होतं." एवढंच बोलून तो फोनच्या यादीकडे वळला. लाज वाटली मला, दुसरं काय.

बुधवारी आम्ही खात्रीच्या नागरिकांकडे कोरे कागद घेऊन पुन्हा गेलो. लोक म्हणाले, "एकदा केली ना सही, परत कशाला?" कारण सांगता येत नव्हतं. बुधवार-गुरुवार मिळून त्रेसष्ट सह्या झाल्या. चारशे पाच हव्या होत्या.

गुरुवारी दुपारी त्याने घरातलं कागद फाडायचं यंत्र बैठकीच्या खोलीत आणून ठेवलं. हे नियमात बसतं का, असं मी विचारलं नाही. सेक्रेटरीने काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या. बासष्ट कागदांना अकरा मिनिटं लागली. त्यातली चार मिनिटं यंत्र तापलं म्हणून थांबावं लागलं, तेवढ्यात नीलांबरीने आम्हाला ताक दिलं. निघालेला चुरा तिने झाडांच्या बुडाशी घातला.

मी विचारलं, "अर्लला काय सांगणार?"

"हरवल्या म्हणून सांगणार."

"खरं सांग की. तो शहाणा माणूस आहे."

"शहाणा आहे, म्हणूनच. त्याला कुणी विचारलं तर तो खोटं बोलणार नाही. मग ते चारचौघांत जाईल, पेपरात जाईल." मग माझ्याकडे वळला. "आणि तूही बोलायचं नाहीस. टेबलाचं, कुपनांचं, कशाचंच नाही. अध्यक्ष मी आहे."

मी बोलते, असं मी सुरुवातीला सांगितलं. त्या वेळी मात्र गप्प बसले.

शुक्रवारी सकाळी अर्ल आला. पांढरा शर्ट, टाय, ट्रक धुतलेला. मागे दोन गाड्यांमधून सात सभासद, सगळे साठीच्या पुढचे, एकीच्या हातात केक. रवींद्र पायरीवर उभा होता. त्याने सांगितलं, "खोकं काल गाडीच्या टपावर ठेवलं आणि विसरून निघालो. हायवेवर उडालं असावं. चूक माझी आहे."

अर्लने त्याच्याकडे बघितलं. मग विचारलं, "कुठल्या हायवेवर, पोरा?"

याचा विचार रवींद्रने केला नव्हता. त्याने तोंडाला येईल तो नंबर सांगितला. अर्लने टाय सोडला, खिशात घातला आणि म्हणाला, "चला तर मग. अजून सात तास आहेत."

पुढचे तीन तास ती माणसं मेच्या उन्हात हायवेच्या कडेने गवत तुडवत चालत होती. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली माणसं. केक आणलेली बाई काठीने झुडपं बाजूला करत होती. रवींद्र त्यांच्यातच होता, वाकून वाकून शोधत होता, आपणच फाडलेले कागद. मीही होते. अर्लला मधेच धाप लागली तेव्हा रवींद्रने त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "आता पुरे." अर्ल म्हणाला, "एखादा तरी कागद सापडेल रे." एका चाकाची टोपी सापडली आणि कुणाची तरी एक उशी. मी त्या दिवशी घरी येऊन बाथरूमचं दार लावून रडले. एरवी मी रडत नाही.

जूनमध्ये खास बैठक झाली. ठराव होता: अध्यक्षांच्या अक्षम्य निष्काळजीपणाबद्दल पक्ष नापसंती व्यक्त करतो आणि त्यांना पदावरून दूर करतो. सेक्रेटरी म्हणून तो मलाच वाचावा लागला. रवींद्रने मधे हात वर करून तारीख चुकल्याचं दाखवलं आणि मी ती दुरुस्त केली. एकेचाळीस विरुद्ध एक. विरुद्ध मत माझं. रवींद्रने ठरावाच्या बाजूने मत दिलं. अर्लने हात वर केला, पण फार उंच नाही.

मग नवा अध्यक्ष कोण, असा प्रश्न आला. कुणाचंच नाव पुढे येईना. रवींद्र उठला आणि म्हणाला, "मालिनीचं नाव मी सुचवतो. कागदांच्या बाबतीत तिच्याइतकं काटेकोर कुणी नाही." त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी नाही म्हणाले असते तर पक्ष त्या दिवशी बंद झाला असता आणि अर्ल तिथेच समोर बसला होता. मी हो म्हटलं. टाळ्या वाजल्या. आज ओसरी पक्षाची प्रदेशाध्यक्ष मी आहे.

ऑगस्टमध्ये संग्रामचं ग्रीन कार्ड आलं. त्याने घरी सत्यनारायण घातला, शंभर माणसं बोलावली. मला सगळ्यांनी हार घातला, पहिली मराठी बाई प्रदेशाध्यक्ष म्हणून. रवींद्रला येणारा-जाणारा विचारत होता, "काय नेरूरकर, टपावर अजून काही ठेवलंय का?" संग्राम प्रसादाची ताटली घेऊन आला, आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, तुम्ही माझं नाव काढलं, फार उपकार झाले बरं. आता पाच वर्षांनी मी सिटिझन झालो का व्होट देतो. पण राग मानू नका, तुमच्या पार्टीला नाही देणार. कागदं सांभाळता येत नाहीत, ते राज्य काय सांभाळतील." भोवतालचे सगळे हसले. रवींद्रही हसला. म्हणाला, "बरोबर आहे तुझं," आणि शिरा खाल्ला. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याने मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून.

मी तोंडाने कुणाला सांगितलं नाही. तेवढं मी त्याचं ऐकलं. हे मराठीत लिहितेय, कारण पक्षातलं कुणी मराठी वाचत नाही. काही नावं बदलली आहेत, त्याचं बदललेलं नाही. पाडव्याच्या त्या रांगेत तुम्ही असाल, तर तुमचं नाव कुठेही नाही, निर्धास्त राहा. आणि तो भेटला तर काही बोलू नका, आभारही मानू नका, त्याला ते आवडणार नाही. फक्त त्याला हसू नका.